प्रश्नाएवढी शांतता

अमरावतीहून अकोल्याला जाणारी एसटी मूर्तिजापूरच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबते. चैत्रातलं ऊन होतं, खिडकीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. विपुल गावंडे पाण्याची बाटली घ्यायला खाली उतरला. सामानाच्या फळीवर त्याची निळी बॅग होती. जाताना त्यानं तिच्यावर आपला रुमाल टाकला, आपण जागा धरायला टाकतो तसा. बाटली घेऊन तो परत आला, जागेवर बसला, आणि बोरगाव मंजू मागे पडेपर्यंत त्यानं वर पाहिलंच नाही.

पाहिलं तेव्हा फळीवर फक्त रुमाल होता. नीट घडी घातलेला.

बॅगेत रागिणीचा लॅपटॉप होता. रागिणी, त्याची बायको, फेब्रुवारीत गेली. कॉलेजच्या जिन्यात पडली, डोक्यात रक्तस्राव झाला, तिसऱ्या दिवशी संपलं. एक्केचाळीस वर्षांची होती. हातातला मोबाइल तिच्याबरोबरच पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला होता, तो पुन्हा चालू झाला नाही. राहिला तो लॅपटॉप, आणि त्याचा पासवर्ड विपुलला माहीत नव्हता. रागिणीचा धाकटा भाऊ अमोल अकोल्यात कॉम्प्युटरचं काम करायचा. "घेऊन या भाऊजी, आतलं काई न पुसता उघडून देतो," असं तो म्हणाला होता. म्हणून विपुल त्या गाडीत बसला होता.

तो लॅपटॉप त्याला का हवा होता, ते सांगितलं पाहिजे.

रागिणी मराठी शिकवायची आणि सात वर्षांपासून वऱ्हाडी शब्द गोळा करायची. रविवारी, सुट्टीत, ती गावोगाव म्हाताऱ्या माणसांपुढे जाऊन बसायची. नाव विचारायची, गाव विचारायची, मग एखादा शब्द, जो आता घरात कोणी बोलत नाही. सगळं रेकॉर्ड करायची. घरी आल्यावर ती रेकॉर्डिंग साफ करायची, म्हणजे त्यातून स्वतःचा आवाज काढून टाकायची. "लोकायचं बोलनं महत्त्वाचं, माह्यं काय आयकायचं त्यात?" असं तिचं म्हणणं. पण मधला वेळ ती कापत नसे. प्रश्न निघून जाई आणि त्या जागी प्रश्नाएवढी शांतता राही. अशा चारशे अकरा फाइली घरच्या मोठ्या कॉम्प्युटरवरही आपोआप येऊन पडलेल्या होत्या. चारशे अकरा म्हातारी माणसं न ऐकू येणाऱ्या बाईला उत्तरं देत होती. तिच्या आवाजातली मूळ रेकॉर्डिंगं मात्र फक्त लॅपटॉपमध्ये होती.

विपुलच्या मोबाइलवर तिच्या आवाजाचा एकच तुकडा होता, चार सेकंदांचा. कोणाच्या तरी वाढदिवसाचा व्हिडिओ, आणि त्यात मागून ती म्हणते, "चला, पुरे आता." तो त्यानं इतक्यांदा ऐकला की त्यातून रागिणी निघून गेली आणि नुसते तीन शब्द उरले. मार्चअखेर एका सकाळी दात घासताना त्याच्या ध्यानात आलं, की ती 'विपुल' कशी म्हणायची ते आपल्याला आठवत नाही.

आणि तोच लॅपटॉप त्यानं एका पाण्याच्या बाटलीपायी घालवला.

त्यानं तक्रार लिहून दिली. मूर्तिजापूरच्या स्टँडवर तो तीनदा जाऊन आला, चहावाल्याला, चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला, संडासाबाहेर बसणाऱ्या बाईला विचारून आला. अमोलनं घरच्या कॉम्प्युटरवरून रागिणीचं खातं आपल्या मोबाइलवर लावून ठेवलं होतं, लॅपटॉप कुठंही चालू होऊन इंटरनेटला लागला की कळणार होतं. रोज संध्याकाळी अमोलचा फोन यायचा, "अजून काई नाई भाऊजी."

बाराव्या दिवशी, रविवारी दुपारी, साईनगरातल्या घरात विपुल मोठ्या कॉम्प्युटरसमोर बसला होता. पडदे ओढलेले, कूलरचा आवाज. रागिणीच्या फोल्डरमध्ये चारशे बारा क्रमांकाची फाइल होती.

विपुल वीज कंपनीत मीटर तपासायच्या कामावर होता. आकडा चुकला की आधी जोडणी पाहायची, ही वीस वर्षांची सवय. त्यानं विचार केला, चोरानं लॅपटॉप चालू केला असेल आणि आत अडकून पडलेली जुनी फाइल वर आली असेल. पण फाइलवर तारीख कालची होती.

त्यानं ती लावली. सुरुवातीला पाखरांचा आवाज. मग एक म्हातारा, जड जिभेचा.

"पुंजाजी."

शांतता.

"पुंजाजी नथ्थूजी वानखडे." शांतता. "तेल्हारा. मारोतीच्या देवळामांगं." शांतता. "बुधवार."

इथं विपुल थांबला. वार कशाला? रागिणी कधी वार विचारत नसे. त्यानं पुढं ऐकलं.

"उलंगवाडी. कापूस येचून झाला, वावर उघडं टाकलं, का झाली उलंगवाडी. मंग कोनाचंई ढोर आत आलं तरी हाकलत नाई." मग बराच वेळ काही नाही. मग म्हातारा हसला. "आता बरं हाय माये. अंगनात ऊन येते. निंब तोडला पोट्ट्यायनं."

मधल्या जागा विपुलनं मोजल्या. दोन सेकंद, तीन सेकंद, दोन सेकंद. त्या जागांत पाखरं नव्हती, वारा नव्हता, काहीच नव्हतं. हातानं पुसून काढलेली जागा होती ती. रागिणी पुसायची तशीच.

अमोल फोनवर म्हणाला, "भाऊजी, लॅपटॉप त्या दिवसापासून एकदाई चालू झालेला दिसत नाई."

"मग फाइल आली कुठून?"

"त्याच्यावरनंच आली, असं दाखवते." अमोलनं पुन्हा तपासलं. "मले नाई समजत."

विपुलनं वेगळा हिशोब मांडला. लॅपटॉप ज्याच्याकडे आहे, तो काल या म्हाताऱ्यापुढं बसला होता. म्हणजे म्हाताऱ्यानं चोर पाहिला आहे. सोमवारी त्यानं रजा टाकली आणि पहाटेच्या गाडीनं निघाला. अकोला, अकोट, तेल्हारा. म्हातारा कोणाला 'माये' म्हणत होता, हा विचार त्याच्या डोक्यात अकोट सोडल्यावर आला. तो त्यानं बाजूला सारला.

देवळामागच्या घराच्या अंगणात एक बाई बाजेवर कुरड्या वाळत घालत होती. अंगण उघडं, ऊन रणरणत होतं. बाजेच्या पायाशी झाडाचा बुंधा होता, ताजा, पिवळसर, कडेनं डिंक आलेला.

"पुंजाजी वानखडे इथंच राहतात का?" विपुलनं विचारलं.

बाईनं पदर सावरला. "राहात होते. मी सून त्यायची, चंदा. मामंजीले जाऊन चार वर्षं झाले भाऊ. तुमाले काय काम होतं?"

त्यानं मोबाइल काढला आणि म्हणाला, "हा आवाज ओळखता का, एवढं सांगा."

पहिलं 'पुंजाजी' ऐकताच चंदाबाईच्या हातातली कुरडई बाजेवर पडली. 'निंब तोडला' हे शब्द आले तेव्हा तिनं बुंध्याकडे पाहिलं, मग विपुलकडे.

"हा निंब होळीच्या आधी तोडला," ती म्हणाली. "याच साली. भित फोडून राहिला होता."

"हे त्यांनी आधी कधी कोणाला रेकॉर्ड करून दिलं असेल. एखादी बाई आली होती का? लॅपटॉप घेऊन?"

"कोनाले देतीन? लकवा होता त्यायले. शेवटचे तीन वर्षं तोंडातून शबूद निघला नाई. पानी पायजे तरी डोयानं सांगत." तिनं बुंध्यावर हात ठेवला. "आन निंबाचं त्यायले कोनं सांगतलं हो?"

बाईनं डोळे पुसले. तिला भीती वाटली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती जवळ सरकली आणि म्हणाली, "आजून एकडाव लावा ना भाऊ."

त्यानं लावलं. त्यानं चार वेळा लावलं. चौथ्यांदा म्हातारा हसला तेव्हा तीही हसली, पदर तोंडाला लावून.

निघताना फाटकाशी त्यानं विचारलं, "ते गेले कोणत्या वारी?"

"बुधवारी," चंदाबाई म्हणाली. "काहून?"

त्या आठवड्यात दोन फाइली आल्या. एकीत नांदगाव खंडेश्वरची कोणी म्हातारी होती, तिनं सोमवार सांगितला. दुसरीत सेमाडोहचा एक माणूस, तो शनिवार म्हणाला आणि मोहाच्या फुलांबद्दल बोलला. दोघंही मधेमधे थांबत, आणि कोणाला तरी 'बाई' म्हणत. विपुल त्या गावांना गेला नाही. काय ऐकावं लागेल ते त्याला ठाऊक होतं. संध्याकाळी ऑफिसातून आला की तो फक्त मधल्या जागा ऐकत बसायचा. आवाज पूर्ण वाढवून, कान स्पीकरला लावून. तिथं काही नव्हतं. म्हातारे ज्या बाईला हसून उत्तरं देत होते, तिला तो सोडून सगळे ऐकत होते.

शुक्रवारी अमोलचा फोन आला. लॅपटॉप सापडला होता.

ताजनापेठेच्या बाजूला एका गल्लीत जुन्या लॅपटॉपचं दुकान होतं. अमोलनं मागच्या बाजूचा क्रमांक सगळ्या दुकानांत देऊन ठेवला होता, त्यातून ते कळलं. दुकानदार शाकीब पस्तिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, उजव्या अंगठ्याला पट्टी. अमोल कामावर अडकला होता, विपुल एकटाच गेला. दुपारचे साडेतीन झाले होते.

"भाई, मेरा कसूर नहीं हाय," शाकीबनं आधीच सांगितलं. "भंगारवाल्याकडून पंधरा लॅपटॉप घेतले, त्यात हा होता. चोरीचा हाय हे आमाले काय मालूम?"

"तुमच्यावर आरोप नाही माझा. तो द्या फक्त."

शाकीबनं टेबलाखालून प्लास्टिकचा ट्रे काढला. ट्रेमध्ये रागिणीचा लॅपटॉप होता. पडदा वेगळा, कीबोर्ड वेगळा, हिरवा बोर्ड एका कोपऱ्यात काळा पडलेला.

"पानी गेलं होतं आत," शाकीब म्हणाला. "बुधवारी आला, त्याच दिवशी खोलला मी. बोर्ड जळून गेला."

"कोणता बुधवार?"

शाकीबनं वही काढून पाहिलं. चोरी झाली त्यानंतरचा दुसरा दिवस होता तो.

"आणि डिस्क?"

"डिस्क भी गयी." त्यानं बोटाएवढी पट्टी विपुलच्या तळहातावर ठेवली. "दोन जागी दाखवली. कुछ नहीं निकलता भाई. कोरी हाय."

विपुल स्टुलावर बसला. तळहातावरची पट्टी वजनाला काहीच नव्हती. सात वर्षांचे रविवार, शेकडो वेळा विचारलेलं 'नाव सांगा', मधलं हसणं, खोकणं, कोणी चहा दिला तर 'साखर कमी' म्हणणं, सगळं यात होतं आणि आता नव्हतं. रागिणी फेब्रुवारीत गेली तेव्हा तो रडला नव्हता, लोकांना सांभाळण्यात दिवस गेले. आता त्या गल्लीत, अनोळखी माणसासमोर, त्याला रडू फुटलं. शाकीबनं पंखा त्याच्याकडे वळवला आणि पाण्याचा ग्लास ठेवला.

तेवढ्यात विपुलचा मोबाइल वाजला. अमोलनं त्याच आठवड्यात रागिणीचं फोल्डर त्यालाही जोडून दिलं होतं. नवी फाइल. चारशे पंधरा.

लॅपटॉप ट्रेमध्ये होता. पाच तुकडे.

ती फाइल त्यानं तिथंच का लावली हे त्याला नंतरही सांगता आलं नाही.

"हाजराबी," एक बाईमाणूस म्हणाली. शांतता. "अकोला. ताजनापेठ." शांतता. "जुमेरात." म्हणजे गुरुवार.

शाकीबच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर टेकला.

"वानोळा," हाजराबी म्हणाली. "वो पार्बता थी ना, वावरातून आली की ओंजळभर हरभरा लाती थी. 'वानोळा आनला हाजरा,' बोलती थी. हमारे में इसको दूसरा लफ्ज नहीं बेटी. हम भी वानोळाच बोलते." शांतता. मग आवाज हलका झाला. "शाकीब का अंगूठा भरा क्या? काम करता तो देखके नहीं करता."

फाइल संपली. बाहेर कोणी मोटरसायकलला किक मारत होतं.

"परसों जला," शाकीब म्हणाला. तो पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे पाहत होता. "अम्मी दो साल पहले गयी. जुमेरात को."

मग शाकीबनं डोळ्यांवरून हात फिरवला. "ये मेरेको भेजो भाई."

विपुलनं ती फाइल त्याला पाठवली.

शाकीबनं ट्रेमधले तुकडे एकेक करून जुन्या कापडात बांधले. पैशाचं नाव काढू दिलं नाही. पायरीपर्यंत तो सोबत आला आणि तिथं त्यानं विचारलं, "तुमाले कोनाचा आवाज मिळाला?"

"माझ्या कोणाचा नाही," विपुल म्हणाला.

सोमवारी त्यानं तो बोर्ड ऑफिसात नेला आणि जेवणाच्या सुट्टीत तपासला. कुठूनही कुठंही वीज जात नव्हती. त्यानं पुन्हा तपासला. मग कापडात बांधून कपाटात, तिच्या साड्यांशेजारी ठेवला.

मंगळवारी दुपारी तो घरी लवकर आला. कॉम्प्युटर लावला, रागिणीचं फोल्डर उघडलं, त्यात लिखाणाची एक कोरी फाइल केली. तिच्यात त्यानं लिहिलं, 'रागिणी, तुझा आवाज काढू नको.' आपण काय करतो आहोत हे त्याला समजत होतं. ऑफिसातल्या कोणी असं केलं असतं तर त्यानं त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. त्यानं खाली 'विपुल' असं लिहिलं आणि फाइल ठेवून दिली.

बुधवारी काही आलं नाही.

गुरुवारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी चारशे सोळा आली.

रजा टाकून तो घरातच बसला होता, एकटा. त्यानं कूलर बंद केला. खिडकी लावली. खुर्ची पुढं ओढली.

सुरुवातीला पाखरं नव्हती. कागद चाळल्याचा आवाज आला. मग कोणी घसा साफ केला.

"नाव सांगा," रागिणी म्हणाली.

तो तिचा आवाज होता. किंचित बसका, 'सांगा'चा शेवट खाली सोडणारा. कसा विसरलो होतो आपण? विपुलनं दोन्ही हात टेबलावर दाबून धरले. पुढं शांतता होती. स्पीकरमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. या वेळी पुसलेली जागा दुसऱ्याची होती.

"विपुल," तो म्हणाला. त्याला स्वतःला ते नीट ऐकू आलं नाही.

"पूर्ण सांगा."

"विपुल मनोहर गावंडे."

"विपुल मनोहर गावंडे," ती पुटपुटली, लिहून घेताना माणूस पुटपुटतं तशी. पेनची खरखर. "गाव?"

"अमरावती. साईनगर." तो आता रडत होता. "रागिणी, अगं…"

"अमरावती, साईनगर," रागिणी म्हणाली. तिनं पान उलटलं. आवाजात ओळख नव्हती. परक्या अंगणात बसून म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तशी माया होती, तेवढीच.

"वार सांगा."

विपुलनं तोंडावर हात धरला.

स्पीकरमध्ये ती थांबून राहिली. घाई नव्हती तिला. तिचा श्वास येत होता, जात होता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढं सरकताना त्याला दिसत होता. पाच सेकंद. सात. नऊ. त्याच्या तोंडातून एक अक्षर निघालं नव्हतं.

"शुक्रवार," रागिणी पुटपुटली, आणि तिनं ते लिहून घेतलं.